सामायिक मिळकतीची डागडुजी

कौलारू घरांत वाढलेल्या मंडळींस घर शाकारणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. मृग लागण्यापूर्वीं कौलें उतरावयाचीं, फुटकीं बाजूस काढावयाचीं, वाशांस कीड लागली आहे कीं काय तें पाहावयाचें आणि पुन्हां सर्व नीट रचावयाचें. घर गळत नसलें तरी हें काम दरसाल होई. कारण गळूं लागल्यावर शाकारणें म्हणजे भर पावसांत आढ्यावर चढणें, हें वडील माणसांस ठाऊक असे. आज घरांतील प्रत्येकाच्या हातीं जें यंत्र आलें आहे, त्या मोबाईल फोनच्या बाबतींत मात्र ही दृष्टि आपण ठेवीत नाहीं. ‘अद्ययावत करा’ अशी सूचना फोनवर उमटते आणि आपण ती बोटानें बाजूस सारतों. फोन चालतो आहे ना, मग झालें, असा आपला हिशेब असतो. ही सूचना कोठून येते, तिच्यामागें कोणाचे श्रम असतात आणि ती बाजूस सारल्यानें काय होतें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाजारांतील बहुसंख्य फोनांवर अँड्रॉइड ही व्यवस्था चालते, आणि अँड्रॉइडच्या तळाशीं लिनक्स नांवाचा गाभा असतो. यासच कर्नेल म्हणतात. मोठ्या एकत्र कुटुंबांत कोठीघराच्या किल्ल्या एका जाणत्या बाईच्या कमरेस असत. तांदूळ, तूप, गूळ, ज्यास जें लागेल तें त्यानें तिच्याकडे मागावें आणि तिनें मापानें काढून द्यावें, अशी रीत असे. कोणीं परस्पर कोठींत हात घालावयाचा नाहीं. गाभ्याचें काम नेमकें हेंच आहे. यंत्राची स्मरणशक्ति, त्याच्या गणिती मेंदूचा वेळ, साठवणीची जागा, बाहेरच्या जगाशीं होणारी ये-जा, या सर्वांच्या किल्ल्या गाभ्याकडे असतात. बँकेचें, पत्रांचें, छायाचित्रांचें, गाण्यांचें असें प्रत्येक ॲप त्याच्याकडे मागणी करितें आणि तो त्यास ठरलेलें माप देतो. बँकेच्या ॲपमधील गुपित खेळाच्या ॲपास दिसत नाहीं, तें याच पहाऱ्यामुळें.

हा गाभा केवळ फोनांतच आहे असें नव्हे. जगांतील अत्यंत वेगवान अशा पांचशें महासंगणकांची यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तींतील एकूणएक यंत्रें लिनक्सवर चालत आलीं आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं आलेला ‘प्रत्यूष’ हा महासंगणक या यादींत होता. मान्सूनच्या अंदाजासाठीं लागणारें अवाढव्य गणित त्याच्याकडून करून घेतलें जाई. २०२१ सालीं मंगळावर उडालेलें ‘इन्जेन्युइटी’ हें लहानसें हेलिकॉप्टरही लिनक्सच्याच आधारें उडालें. म्हणजे आजोबांच्या खिशांतील फोन, पावसाचा अंदाज आणि मंगळावरचें उड्डाण यांच्या मुळाशीं एकच वस्तु आहे, आणि ती कोणा एकाच्या मालकीची नाहीं.

मिळकत सामायिक झाली कशी?

१९९१ च्या ऑगस्टमध्यें हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण छंद म्हणून एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम तयार करीत आहों, असें जाहीर केलें. पहिल्या आवृत्तींत सुमारें दहा हजार ओळी होत्या. १९९४ च्या मार्चमध्यें पहिली पूर्ण आवृत्ति निघाली तेव्हां त्या पावणेदोन लाखांवर गेल्या, आणि २०२५ च्या प्रारंभीं तर चार कोटींच्या घरांत पोचल्या.

या वाढीचें मूळ १९९२ सालच्या एका निर्णयांत आहे. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू चळवळीनें तयार केलेला परवाना टॉरव्हाल्ड्स यांनीं त्या वर्षीं आपल्या गाभ्यास लागू केला. त्याचा मथितार्थ असा कीं, कोणींही हा गाभा घ्यावा, वाचावा, बदलावा, वांटावा. परंतु बदललेला गाभा जो दुसऱ्यास देईल त्यानें त्याची मूळ संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. अशा रीतीनें ही मिळकत कायमची सामायिक झाली. आपला हिस्सा तोडून घेऊन त्यास कुंपण घालण्याची सोय तींत कोणासच ठेवली गेली नाहीं.

आतां सामायिक मिळकत म्हटली कीं आपल्याकडे पहिला प्रश्न उभा राहतो तो डागडुजीचा. सर्वांचा वाडा तो कोणाचाच वाडा नव्हे. भिंतीस पोपडे धरतात, तुळई खचते, आणि खर्च कोणीं करावयाचा या वादांत एका पावसाळ्यांत सोपा खालीं येतो. हा अनुभव गांवोगांवच्या वाड्यांनीं घेतला आहे. मग लिनक्सचा वाडा तीस वर्षांहून अधिक काळ उभा कसा राहिला?

शिस्त

पहिलें कारण वेळापत्रक. दर नऊ-दहा आठवड्यांनीं गाभ्याची नवी आवृत्ति निघते. त्यांतील पहिले दोन आठवडे नवें काम आंत घेण्याचे. ते सरले कीं दार लागतें, आणि पुढचे सात-आठ आठवडे केवळ चुका शोधून सुधारण्याचे असतात. या काळांत दर आठवड्यास एक चांचणीची प्रत बाहेर पडते. एका आवृत्तींत दहा हजारांहून अधिक बदल होतात आणि ते करणारीं माणसें सुमारें दोन हजार असतात.

दुसरें कारण सही. गाभ्याच्या प्रत्येक भागास राखणदार नेमलेले आहेत. बदल सुचविणाऱ्यानें तो ई-मेलनें, सर्वांस वाचतां येईल अशा उघड रीतीनें, पाठवावयाचा. त्याचें कारण लिहावयाचें. खालीं आपली सही करावयाची. जाणते त्याची चिकित्सा करितात. पसंत न पडल्यास तो परत जातो, सुधारून पुन्हां येतो, पुन्हां परत जातो. राखणदारानें पत्करला म्हणजे तोही आपली सही जोडून तो वर देतो, आणि शेवटीं तो टॉरव्हाल्ड्स यांच्यापर्यंत पोचतो. जुन्या दोषाची दुरुस्ती असेल, तर तो दोष कोणत्या पूर्वींच्या बदलानें शिरला हेंही नमूद करण्याची रीत आहे. चूक कोणाची हें झांकलें जात नाहीं, आणि ती कोणीं सुधारली हेंही विसरलें जात नाहीं.

हा सर्व इतिहास जपणारें ‘गिट’ हें साधन टॉरव्हाल्ड्स यांनींच २००५ च्या एप्रिलमध्यें लिहावयास घेतलें. त्याचा उपयोग पाहा. दहा हजार बदलांपैकीं कोणत्या एकानें घोटाळा केला तें शोधावयाचें आहे. बरोबर मधल्या बदलापर्यंतचा गाभा चालवून पाहावयाचा; दोष दिसला तर गुन्हेगार पहिल्या अर्ध्यांत, न दिसला तर दुसऱ्या. असें निम्में-निम्में करीत गेलें म्हणजे अवघ्या चौदा चांचण्यांत तो एकटा बदल हातीं लागतो.

हें सारें फावल्या वेळचें धर्मकार्य आहे, अशी समजूत मात्र कोणीं करून घेऊं नये. यांतील बहुसंख्य माणसें इंटेल, रेड हॅट, गूगल यांसारख्या कंपन्यांचीं पगारी माणसें आहेत, आणि त्या कंपन्यांपैकीं कित्येक एरवीं परस्परांच्या प्रतिस्पर्धी आहेत. गाभा प्रत्येकीस हवा आहे आणि एकटीनें तो पोसणें कोणासच परवडणारें नाहीं. म्हणून त्या एका पंगतीस बसतात. स्वार्थ असूनही सामायिक वस्तु नीट राखतां येते, हें यांतून दिसतें. मात्र त्यासाठीं हिशेब उघडा लागतो.

वाद आणि वाणी

या घरांत एक नियम सर्वांत कडक आहे. गाभ्यांत हवे ते फेरफार करावे. पण त्याच्या आधारें आज जो प्रोग्रॅम चालतो आहे तो उद्यांही चालला पाहिजे. २०१२ च्या डिसेंबरमध्यें एका बदलामुळें ध्वनीचे कांहीं प्रोग्रॅम बिघडले. दोष त्या प्रोग्रॅमांचाच असावा, असें एका राखणदारानें सुचविलें. त्यावर टॉरव्हाल्ड्स यांनीं सर्वांसमक्ष जें उत्तर दिलें त्यांतील तत्त्व सोळा आणे खरें होतें: आपल्या बदलानें वापरणाऱ्याचें कांहीं मोडलें, तर तो दोष आपला, त्याचा नव्हे. परंतु ज्या भाषेंत तें सांगितलें गेलें ती भाषा या पानांवर छापण्याजोगी नाहीं.

वाद हा तर लिनक्सचा जन्मापासूनचा सोबती. १९९२ च्या जानेवारींत ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं, लिनक्स ही कालबाह्य रचना आहे, असें जाहीरपणें म्हटलें. टॉरव्हाल्ड्स यांनीं ज्यांच्या ग्रंथावरून या शास्त्राचे धडे घेतले तेच हे टॅनेनबॉम. गाभा लहान लहान स्वतंत्र खोल्यांचा असावा, एकाच मोठ्या दिवाणखान्याचा नसावा, असें प्राध्यापकांचें म्हणणें होतें. विद्यार्थ्यानें तावातावानें उत्तर दिलें, आणि मागाहून आपल्या सुराबद्दल दिलगिरीही दर्शविली. पुढें मात्र, वाडा जसजसा वाढला, तसतसा तो सूर चढत गेला आणि दिलगिरी मागें पडली. नवखे लोक भिऊं लागले. कामांतील चूक दाखविणें आणि माणसाचा पाणउतारा करणें यांतील सीमा पुसट झाली.

१६ सप्टेंबर २०१८ या दिवशीं टॉरव्हाल्ड्स यांनीं स्वतःच जाहीर क्षमा मागितली. आपल्या बोलण्यानें माणसें दुखावलीं, कांहीं कदाचित् काम सोडूनही गेलीं असतील, हें त्यांनीं मान्य केलें आणि ते कांहीं काळ कामांतून दूर झाले. त्याच सुमारास सभ्य वर्तनाचे नियमही स्वीकारण्यांत आले. त्या वर्षीं २२ ऑक्टोबरला निघालेली ४.१९ ही आवृत्ति त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं काढली. कर्ता पुरुष महिनाभर बाजूस झाला, आणि घर चाललें.

आम्हांस या प्रसंगाचें महत्त्व फार वाटतें. एकत्र कुटुंबांत करडेपणा हाच कर्तेपणा, असें मानणाऱ्यांची आपल्यांतही वाण नाहीं. टॉरव्हाल्ड्स परत आले तेव्हां त्यांनीं नियम सैल केला नाहीं. वापरणाऱ्याचें मोडूं नका, हा दंडक जसाच्या तसा राहिला. माघार घेतली ती जिभेनें. काम कडकपणें तपासावें आणि माणसास संभाळून घ्यावें, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहींत, हें एवढ्या मोठ्या व्यवहारांत सर्वांसमक्ष मान्य झालें, ही लहान गोष्ट नव्हे.

तेवढ्यानें वाद संपले असें मात्र नाहीं. अलीकडचा मोठा वाद जुन्या व नव्या भाषेचा. गाभा ‘सी’ या भाषेंत लिहिलेला आहे. तींत स्मरणशक्तीचें माप मागून घेणें आणि काम होतांच परत करणें, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची असते. तो विसरला कीं भोंक पडतें. ‘रस्ट’ या नव्या भाषेंत अशा पुष्कळशा चुका यंत्र आधींच पकडतें आणि पुढें जाऊं देत नाहीं. २०२२ च्या डिसेंबरमध्यें ६.१ या आवृत्तींत रस्टला प्रथम जागा मिळाली. कांहीं जुन्या राखणदारांनीं विरोध केला. त्यांची हरकत निव्वळ हट्टाची नव्हती. बदल लिहिणारा निघून जातो, राखणदार मागें उरतो. दोन भाषा जेथें मिळतात तेथील पडझड उद्यां कोणीं निस्तरावयाची, असा त्यांचा प्रश्न होता. २०२४ व २०२५ सालीं नव्या पक्षांतील कांहीं कर्तबगार माणसें कंटाळून बाहेर पडलीं. शेवटीं २०२५ च्या फेब्रुवारींत टॉरव्हाल्ड्स यांनीं निवाडा दिला: ज्यास रस्ट नको त्याच्यावर ती लादली जाणार नाहीं, पण दुसऱ्यानें आपल्या भागांत ती वापरूं नये, असें सांगण्याचा अधिकार त्यास नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राखणदारांच्या बैठकींत रस्टवरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढण्याचें ठरलें. निवाडा चांगला होता. परंतु गेलेलीं माणसें त्यानें परत आलीं नाहींत, हेंही नमूद केलें पाहिजे.

भोंक आणि ठिगळ

इतकी दक्षता असूनही दोष राहतात. २०१६ च्या ऑक्टोबरमध्यें गाभ्यांतील एक गंभीर दोष बुजविण्यांत आला. साधा प्रवेश असलेल्या माणसास त्यायोगें सर्व किल्ल्या मिळवितां येत होत्या. २००७ सालापासूनच्या आवृत्त्यांत तो उघडा होता, आणि ठिगळ लावतांना टॉरव्हाल्ड्स यांनीं उघड लिहिलें कीं, हा दोष अकरा वर्षांपूर्वीं आपणच बुजविण्याचा प्रयत्न केला होता, तो नीट झाला नव्हता.

दुसरी हकीकत अधिक बोधप्रद आहे. जर्मनींतील माक्स केलरमान या तंत्रज्ञाकडे २०२१ च्या एप्रिलमध्यें, एक दप्तराची फाईल उघडत नाहीं, अशी तक्रार आली. फाईल दुरुस्त करून दिली. कांहीं काळानें तसेंच पुन्हां झालें. बिघाड बहुधा महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या फाईलींत आणि तोही शेवटच्या आठ अक्षरांत असे. पुष्कळ दिवस माग काढल्यावर २०२२ च्या फेब्रुवारींत केलरमान यांस उमगलें कीं, दोष त्यांच्या प्रोग्रॅमांत नसून खुद्द गाभ्यांत आहे. ज्यास वही केवळ वाचण्याची मुभा आहे, त्यास तींत लिहितांही येत होतें! २०२० सालीं निघालेल्या ५.८ या आवृत्तीपासून हें भोंक उघडें होतें. २० फेब्रुवारीस त्यांनीं तें ठिगळासह कळविलें, आणि २३ फेब्रुवारीस दुरुस्त आवृत्त्या बाहेरही पडल्या. ठिगळ अवघें दोन ओळींचें होतें. सर्व जगास बातमी दिली गेली ती मागाहून, ७ मार्चला.

तीन दिवसांत दुरुस्ती झाली. परंतु त्या वेळच्या ज्या नव्या फोनांत हा दोष होता, त्यांच्यापर्यंत ती पोचण्यास आणखी कित्येक आठवडे गेले. याचें कारण वाटेंत आहे. दुरुस्ती प्रथम गाभ्यांत होते. तेथून ती स्थिर आवृत्त्यांत जाते. मग गूगल ती अँड्रॉइडच्या गाभ्यांत घेतें. मग चिप बनविणारा कारखाना. मग फोन बनविणारी कंपनी. आणि सर्वांत शेवटीं आपल्या फोनवर ती सूचना उमटते. इतके उंबरठे ओलांडून आलेली ही दुरुस्ती आपण बोटानें परतवितों.

कांहीं फोनांस तर ही सूचना येणेंच बंद झालेलें असतें. कंपनी ठराविक वर्षें दुरुस्त्या पुरविते आणि मग थांबते. गूगलनें २०२३ मध्यें व सॅमसंगनें २०२४ मध्यें आपल्या उंची फोनांस सात वर्षें दुरुस्त्या देण्याचें जाहीर केलें. स्वस्त फोनांस त्याहून पुष्कळ कमी काळ मिळतो. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे कीं, फोनची विक्री थांबल्यावरही निदान पांच वर्षें दुरुस्त्या पुरविल्या पाहिजेत.

आपल्या घरांत काय करावें?

एकत्र कुटुंबांत नवा फोन तरुणाकडे येतो आणि त्याचा जुना फोन आजोबांकडे वा आजीकडे जातो. यांत काटकसर आहे, वस्तु वायां न घालविण्याची चांगली संवय आहे. पण परिणाम काय होतो तें पाहा. ज्यांची आयुष्याची पुंजी बँकेंत आहे, ज्यांचें निवृत्तिवेतन फोनवर कळतें, आणि कांहीं गैर घडल्यास तें ज्यांच्या ध्यानांत उशिरा येणार, त्यांच्याच हातीं सर्वांत जुनें कुलूप दिलें जातें. बहुतेक फसवणूक गाभ्यांतील दोषानें नव्हे तर गोड बोलून केली जाते, हें खरें. तरी चोर दारानें येतो म्हणून भिंतीचें भगदाड उघडें ठेवावयाचें नसतें.

आमची सूचना साधी आहे. घरांतील एका जाणत्यानें, मुलगा असो वा मुलगी, महिन्यांतून एक दिवस ठरवून घरच्या सर्व फोनांच्या सेटिंग्जमध्यें जावें आणि शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख पाहावी. दुरुस्ती आलेली असल्यास, महत्त्वाच्या छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवून, फोन विजेस लावून ती रात्रीं चढवावी. तारीख वर्षाहून जुनी असेल आणि नवी दुरुस्ती येतच नसेल, तर त्या फोनवर कीर्तन, गाणीं, बोलणें खुशाल चालूं द्यावें. बँकेचा व्यवहार मात्र त्यावरून काढावा. नवा फोन घेतांना कॅमेऱ्याची चौकशी होते तशी ‘दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळतील’ हीही व्हावी. आणि भिंतीवरचा वाय-फायचा डबा विसरूं नये. त्यांतही पुष्कळदां लिनक्सच असतो, आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं.

हें करितांना वडील माणसांचा फोन त्यांच्या हातून ओढून घेऊं नये. काय बदलणार आहे तें त्यांस आधीं सांगावें, आणि नेहमींचीं चिन्हें जागचीं हलणार नाहींत अशी काळजी घ्यावी. ज्याच्या वापराची वस्तु आहे त्याचें मोडतां कामा नये, हा लिनक्सकारांचा दंडक घरांतही तितकाच खरा आहे. दूरदेशच्या हजारों माणसांनीं परस्परांशीं भांडून, पुन्हां समेट करून, सह्या घालून केलेलें काम आपल्या उंबरठ्याशीं विनामूल्य येऊन उभें आहे. तें आंत घेण्यास या महिन्यापासून आरंभ करावा, आणि तो घरांतील सर्वांत जुन्या फोनपासून करावा.